श्रवणयंत्राचा खर्च आणि श्रवणाचा हिशेब

जन्मतः बहिऱ्या असलेल्या बालकाला शस्त्रक्रियेने ऐकू येऊ शकते, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. महानगरांतील रुग्णालयांत अशा शस्त्रक्रिया नित्य होतात, नागपुरातील शासकीय रुग्णालयांतही त्या अलीकडच्या वर्षांत होऊ लागल्या आहेत आणि गरीब पालकांच्या अपत्यांसाठी त्यांचा खर्च शासन उचलते. वृत्तपत्रांतून अधूनमधून एखादे छायाचित्र प्रसिद्ध होते. यंत्र प्रथमच सुरू झाल्यावर दचकून वळलेले मूल त्यात असते आणि शेजारी डोळे पुसणारी आई असते. ते छायाचित्र खोटे नसते. तथापि तो क्षण उलटून गेल्यावर, ते मूल भंडारा जिल्ह्यातील आपल्या गावी परतल्यावर, सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, दहा वर्षांनी त्याच्या वाट्याला काय येते, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. शासनाचा पैसा, शल्यविशारदाचे कौशल्य आणि संशोधकांची अर्धशतकाहून अधिक काळची तपश्चर्या यांचे चीज होते की नाही, हे मात्र छायाचित्रात न येणाऱ्या त्या काळातच ठरत असते.

यंत्राची घडण

नेहमीचे श्रवणयंत्र आवाज मोठा करते. ज्याच्या कानात थोडीफार श्रवणशक्ती शिल्लक आहे, त्याला ते पुरते. परंतु अंतर्कर्णातील शंखाकृती पोकळीत ध्वनीचे विद्युत्संदेशात रूपांतर करणाऱ्या ज्या सूक्ष्म केशपेशी असतात, त्याच निकामी असतील, तर आवाज कितीही मोठा केला तरी तो मेंदूपर्यंत पोचत नाही. अशा वेळी कॉक्लिअर इम्प्लांट या नावाने ओळखले जाणारे रोपण उपयोगी पडते. त्याचे दोन भाग असतात. कानामागे अडकविलेला बाह्य भाग आवाज टिपतो, त्याचे पृथक्करण करतो आणि लोहचुंबकाच्या साहाय्याने डोक्याला चिकटून राहणाऱ्या चकतीतून तो रेडिओलहरींच्या द्वारे कातडीखालच्या भागाकडे पाठवितो. आतल्या भागापासून निघालेली विद्युदग्रांची बारीक तार कर्णशंखात शिरलेली असते. ती निकामी केशपेशींना वगळून थेट श्रवणनाडीला चेतविते. निसर्गाने जे काम सुमारे साडेतीन हजार आंतरिक केशपेशींवर सोपविले आहे, ते येथे बारा ते बावीस विद्युदग्रांवर भागवावे लागते. इतक्या तुटपुंज्या सामग्रीतून मेंदू भाषा उभी करू शकतो, हे खरोखर आश्चर्य आहे. पण तसे करावयास मेंदूला शिकवावे लागते, आणि या प्रश्नाचे सारे मर्म या शिकविण्यातच आहे.

या यंत्राचा इतिहास फार जुना नाही. १९५७ मध्ये पॅरिस येथे आंद्रे जुर्नो व शार्ल एरिएस यांनी श्रवणनाडीला प्रथमच थेट विद्युत्प्रवाहाने चेतविले. लॉस एंजेलिस येथील विल्यम हाऊस यांनी १९६१ मध्ये रोपणाचे प्रयोग आरंभिले. त्यांच्या एकाच वाहिनीच्या यंत्राला अमेरिकन शासनाची मान्यता मिळावयास १९८४ साल उजाडले. त्या यंत्राने आवाजाची चाहूल लागे, परंतु शब्द उमगत नसे. शब्द उमगावयाचे तर कर्णशंखाच्या निरनिराळ्या भागांना निरनिराळ्या स्वरांचे संदेश दिले पाहिजेत, हे ओळखून व्हिएन्ना येथे इंगेबोर्ग व एर्विन होखमायर यांनी १९७७ मध्ये आणि मेलबर्न येथे ग्रेम क्लार्क यांनी १९७८ मध्ये अनेक वाहिन्यांची यंत्रे बसविली. क्लार्क यांचे वडील स्वतः बहिरेपणाने गांजलेले होते. वळणावळणाच्या शंखात तार इजा न करता कशी सरकवावी, हे कोडे त्यांना समुद्रकिनाऱ्यावर एका शिंपल्यात गवताची पाती सरकवून पाहताना सुटले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. ध्वनीचे संदेश विद्युदग्रांना कोणत्या क्रमाने द्यावेत, याची सुधारित पद्धत अमेरिकेतील ब्लेक विल्सन यांनी १९९१ मध्ये मांडली आणि रुग्णांना शब्दच नव्हे, सलग वाक्येही समजू लागली. क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर आणि विल्सन या तिघांना २०१३ मध्ये लास्कर पुरस्कार देण्यात आला, तो याच कार्यासाठी.

त्यानंतर सुधारणांचा वेग वाढतच गेला आहे. अमेरिकेत १९९० मध्ये दोन वर्षांवरील बालकांना या रोपणास परवानगी मिळाली; २०२० मध्ये ही वयोमर्यादा नऊ महिन्यांपर्यंत खाली आणण्यात आली. बाह्य भाग हलका झाला, गोंगाटातून बोलणे वेगळे काढण्याची त्याची शक्ती वाढली. संपूर्ण यंत्रच कातडीखाली बसावे, बाहेर काहीच दिसू नये, या दिशेने प्रयोग चालू आहेत. एका विशिष्ट आनुवंशिक दोषामुळे आलेल्या बहिरेपणावर जनुकीय उपचार केल्याने सहापैकी पाच बालकांना ऐकू येऊ लागले, असा चीनमधील संशोधकांचा वृत्तांत २०२४ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. सारांश, प्रयोगशाळेचा भाग बराचसा पार पडला आहे किंवा पडत आहे. समाजाने करावयाचा भाग मात्र मागे रेंगाळला आहे.

वेळेची किंमत

हा भाग कोणता, हे समजण्यासाठी जिल्ह्याचा हिशेब मांडणे उपयुक्त ठरेल. २०११ च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या किंचित वर आहे. जन्मदर दर हजारी पंधराच्या आसपास धरला, तर वर्षाकाठी सुमारे १८ हजार बालके जन्माला येतात. जन्मतः तीव्र बहिरेपणाचे प्रमाण सामान्यतः दर हजारी एक ते दोन मानले जाते. म्हणजे सात तालुके मिळून वर्षाला अशी वीस ते पस्तीस बालके असावीत. त्यांतील काहींचे साध्या श्रवणयंत्रावर भागेल, काहींना रोपण लागेल. आकडा ढोबळ आहे, पण तो एक गोष्ट निर्विवादपणे सांगतो. देशाच्या पातळीवर हा प्रश्न लाखांचा असला, तरी जिल्ह्याच्या पातळीवर तो एका वर्गखोलीत मावणाऱ्या मुलांचा आहे. ज्या प्रशासनाला हजारो धान उत्पादकांच्या सातबाऱ्याची नोंद ठेवता येते, त्याला पंचवीस-तीस बालकांची नावे ठाऊक असणे अशक्य नाही.

अडचण संख्येची नसून काळाची आहे. मेंदूतील श्रवणाचे व भाषेचे केंद्र पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत ज्या वेगाने घडते, तो वेग पुन्हा कधीही येत नाही. या काळात कानावर काहीच पडले नाही, तर ती जागा मेंदू इतर कामांकडे वळवितो. म्हणूनच पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास प्रारंभ, हा दंडक जगभर स्वीकारला गेला आहे. खेड्यात प्रत्यक्षात काय घडते? बहिरे तान्हे मूल हसते, खेळते, आईकडे टक लावून पाहते. दीड-दोन वर्षांचे झाले तरी ते बोलत नाही, तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी समजूत घालतात की याचा बापही उशिराच बोलला होता. शंका येऊन कोणी दवाखान्यात नेले, की चाचणीसाठी नागपूर, प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालय, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील अशा खेपा सुरू होतात. मूल चार वर्षांचे केव्हा झाले, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. अशा प्रकरणी टेबलावर एक महिना पडून राहिलेला कागद हा केवळ विलंब नसतो. बालकाच्या भाषेतून वजा झालेला तो एक महिना असतो.

यासाठी नवी यंत्रणा उभारावयास हवी असेही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथून सुरू झाला. त्यातील फिरत्या पथकांनी अंगणवाडीतील बालकांना वर्षातून दोनदा तपासावे, अशी योजना आहे आणि जन्मजात बहिरेपणाचा समावेश त्यांच्या यादीत आहे. जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असावे आणि तेथे श्रवणतज्ज्ञ व वाचा-उपचारतज्ज्ञ असावेत, हीही त्याच कार्यक्रमातील कल्पना आहे. परंतु अंगणवाडीच्या तपासणीत दोष सापडणे म्हणजे मौल्यवान महिने हातचे गेल्यावर सापडणे होय. झोपलेल्या तान्ह्या बालकाच्या कानात लहानशी नळी ठेवून काही मिनिटांत करता येणारी चाचणी आज उपलब्ध आहे. ती प्रसूतिगृहातूनच झाली पाहिजे.

येथे एका दुःखद घटनेचे स्मरण अपरिहार्य आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागाला आग लागून दहा बालके मृत्युमुखी पडली. त्यानंतर राज्यभर अग्निसुरक्षेची चर्चा झाली आणि ती योग्यच होती. तथापि अशा विभागातून सुखरूप घरी जाणाऱ्या बालकांचाही विचार व्हावयास हवा. अपुऱ्या दिवसांचा जन्म, अत्यल्प वजन, तीव्र कावीळ, जन्मतः श्वास कोंडणे, काही विशिष्ट प्रतिजैविके ही सारी बहिरेपणाची ज्ञात कारणे आहेत आणि नेमकी हीच बालके त्या विभागात दाखल होतात. जीव वाचविल्यावर कान तपासल्यावाचून त्यांना घरी पाठविणे म्हणजे उपकार अर्ध्यावर सोडणे होय. गरोदरपणातील रुबेला हेही बहिरेपणाचे एक कारण आहे. त्याविरुद्ध राज्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये लसीकरणाची मोठी मोहीम झाली. शाळाशाळांतून ती पार पाडण्यात शिक्षकांचा वाटा मोठा होता. प्रतिबंध आणि निदान या दोन्ही गोष्टी जिल्ह्याच्या आवाक्यातल्या आहेत, हे यावरून दिसते.

तलाव आणि पाट

आता खर्चाकडे वळू. अपंग व्यक्तींना साहाय्यभूत साधने देणारी केंद्र शासनाची योजना १९८१ पासून आहे. २०१४ च्या सुधारणेने तीत कॉक्लिअर इम्प्लांटचा समावेश झाला आणि एका बालकामागे सहा लाख रुपयांपर्यंतचा खर्च मान्य करण्यात आला. मुंबईची १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामाची सूत्रे सांभाळते. शासनाने गरिबांच्या मुलांसाठी हा भार उचलला, ही निःसंशय स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु अर्थशास्त्रात भांडवली खर्च आणि आवर्ती खर्च असा जो भेद करतात, तो येथे विसरला जातो. यंत्र व शस्त्रक्रिया हा भांडवली खर्च होय. आवर्ती खर्च त्यानंतर सुरू होतो. यंत्राची जुळणी वारंवार करून घ्यावी लागते. बॅटऱ्या संपतात, तार तुटते, चकती हरवते, पावसाळ्यात दमट हवेने सूक्ष्म भाग बिघडतात. कातडीखालचा भाग अनेक दशके टिकावा अशी रचना असते, पण बाह्य भाग काही वर्षांनी बदलावाच लागतो आणि त्याची किंमत मजुराच्या घराला पेलणारी नसते. ही यंत्रे मुख्यत्वे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया व अमेरिका येथे उगम पावलेल्या तीन कंपन्यांची आहेत. एका कंपनीचा आतला भाग बसविला, की बाहेरचा भागही तिचाच घ्यावा लागतो. ग्राहकाला निवडीचे स्वातंत्र्य एकदाच आणि तेही बहुधा नावापुरतेच असते. विशाखापट्टणम येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने स्वस्त देशी यंत्र विकसित करण्याचा उपक्रम हाती घेतला, त्याला दशकाहून अधिक काळ लोटला, तरी या मक्तेदारीला त्याने अद्याप धक्का लावलेला नाही.

२०१४-१५ च्या सुमारास ज्या बालकांना यंत्रे बसविली, ती आज किशोरवयात आहेत. त्यांच्या यंत्रांचे बाह्य भाग जुने झाले आहेत. ज्या दिवशी तो भाग बंद पडतो, त्या दिवशी वर्गात बसून धडा ऐकणारी मुलगी एका क्षणात पुन्हा बहिरी होते. जन्मतः असलेल्या बहिरेपणापेक्षा हा बहिरेपणा अधिक क्रूर म्हटला पाहिजे, कारण आता तिला आपण काय गमावले ते ठाऊक असते.

भंडारा जिल्ह्याला ही गोष्ट नवीन वाटू नये. पूर्वजांनी खोदलेले शेकडो मालगुजारी तलाव हे या जिल्ह्याचे वैभव. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली, तलाव शासनाकडे आले, पण दरवर्षी गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे, पाट मोकळे ठेवणे ही कामे कोणाची, हे नीट ठरले नाही. तलाव जागच्या जागी राहिले आणि बांधीपर्यंत पाणी पोचेनासे झाले. कानातील यंत्राचेही तसेच आहे. तलाव बांधण्याचा समारंभ होतो. पाट साफ करण्याचा होत नाही. धान मात्र पाटाच्या पाण्यावर पिकते.

घरची बोली

या पाटांतील सर्वांत मोठा पाट म्हणजे वाचा-प्रशिक्षण. यंत्र सुरू झाल्यावर मुलाला ऐकू येते, पण ते ऐकलेले त्याला कळत नाही. भांड्याचा आवाज आणि आईची हाक यांतील फरकसुद्धा शिकवावा लागतो. हे शिक्षण निदान दोन-तीन वर्षे नियमित चालावे लागते. शासकीय योजनेत ते ठराविक मुदतीपुरते धरलेले आहे, पण केंद्र शहरात आहे. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर आहे, लाखांदूरकडील गावांहून ते शंभराच्या घरात जाते. आठवड्यातून एकदा जावयाचे म्हटले तरी दोन वर्षांत शंभरांहून अधिक दिवसांची मजुरी बुडते. रोवणीच्या व कापणीच्या दिवसांत, जेव्हा वर्षाची कमाई हाती यावयाची, तेव्हा आई मुलाला घेऊन नागपूरची बस धरील, अशी अपेक्षा करणे व्यवहारास सोडून आहे. खेपा हळूहळू कमी होतात, मग थांबतात. यंत्र पेटीत जाते. मग पालक निष्काळजी आहेत असा शेरा मारला जातो. वास्तविक दोष पालकांचा नसून, सेवा साठ किलोमीटरांवर ठेवून तिला विनामूल्य म्हणणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

प्रशिक्षण घराजवळ असण्याचे दुसरेही कारण आहे. भंडाऱ्याच्या खेड्यांतून बोलली जाते ती झाडीबोली. तीत 'ण'च्या ठिकाणी 'न' येतो, 'ळ'च्या ठिकाणी 'र' येतो. पाणी हे पानी होते आणि डोळा हा डोरा होतो. शहरातील प्रशिक्षक मुलाकडून पुस्तकी उच्चार घोटून घेतो आणि घरी आजी निराळाच उच्चार करते. ऐकू येणारे मूल हा फरक सहज पचविते. ज्याच्या कानात बावीस विद्युदग्रांतून आवाज झिरपतो, त्याचा मात्र गोंधळ उडतो. भाषा प्रथम आईच्या बोलीतून यावी, प्रमाण मराठी शाळेत शिकता येईल. यासाठी स्थानिक मुलामुलींतून प्रशिक्षक तयार झाले पाहिजेत. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या यांना थोडे शिक्षण दिले, तर आईला घरच्या कामाकाजातच मुलाशी कसे बोलावे हे त्या दाखवू शकतील. धान पाखडताना, भांडी घासताना, गाईला हाक मारताना शिकविलेले शब्द उपचारकक्षातील शब्दांपेक्षा अधिक पक्के बसतात.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधे नसताना एका मुलावर सहा लाख का खर्चावे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या आपल्या श्रवणविषयक अहवालात असे मांडले की, श्रवणसेवांवर खर्चिलेल्या प्रत्येक डॉलरमागे सुमारे सोळा डॉलरांचा लाभ समाजाला मिळतो. त्या गणिताला मर्यादा असतील, पण शिकून कमावता झालेला नागरिक आणि आयुष्यभर परावलंबी ठेवलेला नागरिक यांतील अंतर कोणालाही दिसण्यासारखे आहे. किंबहुना या आक्षेपात जे तथ्य आहे, ते वेगळ्याच दिशेला बोट दाखविते. सहा लाख खर्चून पुढचे काही हजार रोखून धरले, तर ते सहा लाख वाया जातात. यंत्र आणि प्रशिक्षण या पूरक वस्तू आहेत. एकीवाचून दुसरीचे मोल शून्य.

दुसरा आक्षेप मूकबधिर समाजातील जाणत्यांचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. बहिरेपण हा केवळ दोष नाही, सांकेतिक भाषा ही परिपूर्ण भाषा आहे आणि रोपणाच्या नादात ती नाकारली जाते, असे ते म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांकेतिक भाषेला स्थान दिले आहे, याचे भान ठेवणे इष्ट होय. ज्यांचे वय उलटून गेले आहे, ज्यांची श्रवणनाडीच विकसित झालेली नाही, ज्यांचे रोपण अपेक्षेप्रमाणे फळले नाही, त्यांना खुणांची भाषा न देणे हे त्यांना दोन्ही भाषांपासून वंचित ठेवणे होय. मुलाला एक तरी भाषा वेळेवर आणि पुरेपूर मिळाली पाहिजे, या कसोटीवर दोन्ही मार्गांचा समेट होऊ शकतो.

जिल्ह्याने करावयाचे

करावयाच्या गोष्टी मोजक्या आहेत. जिल्ह्यातील प्रत्येक प्रसूतिगृहात, निदान नवजात शिशू विभागातून जाणाऱ्या प्रत्येक बालकाची, श्रवणचाचणी व्हावी. दोष आढळलेल्या बालकांची एक जिल्हा नोंदवही असावी आणि तीत नाव चढल्या दिवसापासून दाखले, प्रमाणपत्र व शस्त्रक्रिया यांची मुदत बांधलेली असावी. जिल्हा केंद्रातील श्रवणतज्ज्ञ व वाचा-उपचारतज्ज्ञ यांची पदे कायम भरलेली असावीत आणि त्यांनी ठरल्या वारी तुमसर व साकोली येथे बसावे. बॅटऱ्या, तारा व बाह्य भागाचे नूतनीकरण यांसाठी जिल्हा परिषद व ग्रामपंचायती यांच्या स्वउत्पन्नातील दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या पाच टक्के निधीतून स्वतंत्र तरतूद व्हावी; हा निधी वर्षअखेर घाईने वाटण्यापेक्षा असा उपयोग शहाणपणाचा ठरेल. शिक्षकाने अशा मुलाला पुढच्या बाकावर बसवावे, फळ्याकडे तोंड करून बोलू नये आणि यंत्र बंद पडल्याची पहिली खबर आपल्याकडून गेली पाहिजे, हे लक्षात ठेवावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यशाचे माप बदलावे. यंदा किती शस्त्रक्रिया झाल्या, हा आकडा अहवालात सहज चढतो. यंत्र बसविलेल्या मुलांपैकी सात वर्षांची झाल्यावर किती जणांना पहिलीच्या वर्गात शिक्षकाचे बोलणे समजते, हा आकडा मागितला पाहिजे. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत कोणी तरी तो दरवर्षी मागू लागेल, तर शस्त्रक्रियेनंतरची सारी कामे आपोआप कोणाची तरी होतील. वर्षाला पंचवीस-तीस मुलांचा हा हिशेब एका साध्या वहीत मांडता येतो. ती वही उघडावयास कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावयाची नाही.